गुडघ्याचं बेअरिंग बदलताना

गुडघा बदलणे म्हटलं की घरातल्या मोठ्यांना 2000 साल आठवतं. तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, पुढच्या वर्षी उजवा. वाजपेयी तेव्हा पंचाहत्तरीचे होते. पण भोकरदन तालुक्यातल्या आमच्या धावड्यासारख्या गावात पंचेचाळिशीच्या शेतकऱ्याचा गुडघा गेला तर? त्याला अजून तीस वर्षं वावरात उतरायचंय!

गुडघा म्हणजे नुसती बिजागरी नव्हे. त्याचे तीन कप्पे असतात: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. पुष्कळदा झिजतो तो फक्त आतला. मग तेवढाच बदलायचा, लिगामेंट्स जागच्या जागी ठेवायची. यालाच अर्धा गुडघा बदलणे म्हणतात.

साधं चालतानाही गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीन पट लोड येतो. 1970 च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये सर्जन जॉन गुडफेलो आणि इंजिनिअर (हो, आपल्यातलाच!) जॉन ओ'कॉनर यांनी दोन धातूंच्या मध्ये प्लॅस्टिकचं सरकतं बेअरिंग बसवलं. स्ट्रेस म्हणजे फोर्स भागिले एरिया, हे आपण फर्स्ट इयरलाच घोकलेलं. दोन्ही बाजूंना पूर्ण टेकल्यामुळे एरिया वाढला आणि झीज घटली. मात्र गुडघा खूप दुमडला तर हे बेअरिंग निसटू शकतं. आपल्याकडे खाली बसल्याशिवाय ना जेवण होतं ना खुरपणी, तेव्हा हा मुद्दा डॉक्टरांना आधीच विचारलेला बरा.

1989 मध्ये कोझिन आणि स्कॉट यांनी निकष मांडले होते: पेशंट साठीच्या आत किंवा 82 किलोच्या वर असेल तर हे ऑपरेशन नको. आता ते तितके कडक पाळत नाहीत. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 528 पेशंटचा पाच वर्षांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. अर्धा आणि पूर्ण, दोन्हींचा रिझल्ट जवळपास सारखा, आणि अर्धा स्वस्त! पण त्यांचं सरासरी वय पासष्टच्या आसपास होतं, हे विसरू नका.

तरुणांचं गणित वेगळंच. ब्रिटनच्या नोंदींनुसार दहा वर्षांत पूर्ण गुडघ्यांपैकी शंभरात तीन-चार पुन्हा उघडावे लागतात, अर्ध्यांपैकी दहाच्या आसपास, आणि पंचावन्नच्या आत त्याहून जास्त. म्हणजे अर्धा वाईट का? तसं नाही. अर्ध्याचा पूर्ण करणं तुलनेनं सोपं, म्हणून दुखलं की सर्जन तो लवकर बदलतात. पूर्ण गुडघ्याच्या बाबतीत थांबतात. शिवाय पूर्ण गुडघाही तरुणपणी बसवला तर जन्मभर टिकेलच असं नाही. 2017 च्या 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासात पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांना पुढे कधीतरी तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता 35 टक्के निघाली, सत्तरीनंतर फक्त 5 च्या आसपास.

पाय बाहेर वाकला असेल आणि वय कमी असेल, तर नडगीचं हाड कापून सरळ करणं हा तिसरा रस्ता आहे. त्यात मूळ गुडघा शाबूत राहतो. आणि अर्धाच करायचा ठरला, तर सर्जन वर्षाला असे किती गुडघे करतो ते विचारा. कमी करणाऱ्यांच्या हातचे जास्त वेळा पुन्हा उघडावे लागतात.