दूरच्या भूकंपांनी उलगडलेलं कोयनेचं पोट

अहिल्यानगर जिल्ह्यातलं कळसूबाई १६४६ मीटर उंच आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत काळा बेसाल्ट. लाव्हाच्या अशाच थरांनी सह्याद्रीचं पोट झाकलं आहे. दख्खनचं पठार स्थिर, हा समज ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे मोडला. ६.३ रिश्टरच्या धक्क्याने कोयनानगर कोसळलं.

कोयना-वारणा पट्टा तेव्हापासून हलतोच आहे. पण इथले भूकंप बहुतेक दहा किलोमीटरच्या आतले, त्यामुळे त्यांच्या लहरी वरच्या खडकाचीच खबर देतात. खालचा खडक पाहायला याच पट्ट्यातल्या गोठण्याला २०१७ साली तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइट लागला, तरी कवचाचा तळ दूरच होता.

तिथली खबर जपान-इंडोनेशियाचे भूकंप देतात. तीन ते दहा हजार किलोमीटरवरून निघालेली प्राथमिक लहर पृथ्वीच्या पोटातून फिरून कोयनेखाली जवळजवळ उभी वर येते. कवच आणि प्रावरण यांच्या सीमेवर, म्हणजे मोहोवर, तिचा थोडा अंश दुय्यम लहरीत बदलतो. ही लहर मंद, म्हणून वरच्या भूकंपमापकावर साडेचार ते पाच सेकंद मागून पोहोचते. उशिराच्या एका सेकंदामागे साधारण आठ किलोमीटर खोली धरायची. या हिशेबाने इथलं कवच पस्तीस ते चाळीस किलोमीटर जाडीचं ठरतं.

नोंदीत मूळ भूकंपाची गुंतागुंतही मिसळलेली असते. म्हणून आडव्या हालचालीच्या नोंदीतून उभ्या हालचालीची नोंद गणिताने वेगळी काढतात. अशा अनेक भूकंपांच्या नोंदी एकावर एक रचल्या की गोंगाट विरतो आणि खडकाची खूण उरते.

गंमत अशी, की या पद्धतीला भ्रंश, म्हणजे खडक जिथे सरकतो ती भेग, थेट दिसतच नाही. खालून येणाऱ्या लहरीला आडवे थर अडवतात. उभ्या भेगेला ती समांतर निघून जाते. शिवाय लहरीची लांबी काही किलोमीटर, भेगेची रुंदी त्याहून कितीतरी कमी. म्हणून शेजारशेजारच्या भूकंपमापन केंद्रांवरचे उशीर ताडून पाहतात. दोन केंद्रांमध्ये थराची खोली एकदम बदलली, तर मधे भ्रंश असल्याचा संशय घेता येतो. मग बाकीचे पुरावे तपासायचे.

पुढचा धक्का कधी बसेल, ते या चित्रातून कळत नाही. भेग वरच्या कवचातच संपते की खालपर्यंत उतरते, हे तपासायला मात्र ते हवंच.