ओंडक्याचे माप आणि सरकारी घनमीटर

देवरी तालुक्यात तेंदूपत्ता मोजण्याची रीत लहान पोरालाही ठाऊक असते. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, मुन्शीने एखादा पुडा बाजूला टाकला, तर तो का टाकला हे विचारण्याची सोय पुडा बांधणाऱ्या बाईला आहे, कारण पाने तिला मोजता येतात. त्याच जंगलातून निघणाऱ्या सागाच्या ओंडक्याचे तसे नाही. त्यावर क्रमांक पडतो, हातोड्याचा शिक्का बसतो, टेप फिरतो आणि नोंदवहीत घनमीटरचा आकडा उतरतो. तो आकडा कसा आला, हे कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, कुऱ्हाड चालवणाऱ्या मजुराला कळत नाही, शेजारच्या गावालाही कळत नाही. गेल्या काही वर्षांत सरकारी लाकडाच्या विक्रीत बरेच बदल झाले. आगारातल्या बोलीची जागा ई-लिलावाने घेतली. लाकूड राज्याबाहेर नेण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये देशभर एकच ऑनलाइन वाहतूक परवाना आला, आणि छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या देवरीसारख्या तालुक्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. विक्रीचा कागद असा नवा झाला असताना मोजणीकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. माझ्या मते सुधारणेची सुरुवातच तिथून व्हायला हवी होती.

भारतातल्या लाकूड व्यापारात अजूनही चौथाई घेराचे सूत्र रुळलेले आहे. ओंडक्याच्या मधोमध घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज मोजणीदाराने १७३६ साली यासाठी कोष्टके छापली आणि इंग्रजी अमदानीबरोबर ती आपल्याकडे आली. ९० सेंटिमीटर घेराचा, तीन मीटर लांबीचा ओंडका या सूत्राने ०.१५२ घनमीटर भरतो. वर्तुळाच्या साध्या गणिताने तोच ओंडका ०.१९३ घनमीटर होतो. गोल लाकूड चौरस कापताना कडेचा भाग भुश्यात आणि फळकुटांत जातो, तो गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, हा या सुटीमागचा विचार. करवती जाड आणि आरे हाताचे होते तेव्हा तो समजण्यासारखाही होता. पण सूत्रातून सुटणारे लाकूड साडेएकवीस टक्के आहे आणि ते ओंडक्याबरोबर गिरणीतच जाते.

यावर व्यापारी आणि काही जुने वनाधिकारीही एक बिनतोड वाटणारे उत्तर देतात. सगळेच बोलीदार एकाच सूत्राने हिशेब करतात. माप कमी धरले तर दर त्या प्रमाणात चढतो. सरकारी तिजोरीत शेवटी तेवढेच पैसे येतात. खुल्या लिलावापुरते हे खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. पण घनमीटरचा आकडा लिलावाच्या पडद्यावरच थांबत नाही. आदिवासी शेतकऱ्याच्या बांधावरची मालकी झाडे व्यापाऱ्याने परस्पर स्वस्तात उचलू नयेत म्हणून १९६९ साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. या कायद्याखाली होणाऱ्या विक्रीत शेतकरी बोली लावत नाही, त्याला मोजणीवर विसंबावे लागते. जिथे दर आधी ठरलेला आणि माप नंतर, तिथे कमी मापाची भरपाई करणारा बाजारच नसतो. संयुक्त वनव्यवस्थापनातल्या गावाचा वाटा किंवा जप्त लाकडाची किंमत, कुठेही सूत्र बदलले की रक्कम बदलते. आणखी एक बाब मला सर्वांत गंभीर वाटते. जंगलातून किती लाकूड निघाले याची नोंद जर चौथाई घेराने ठेवली, तर कागदावरच्या १०० घनमीटरमागे प्रत्यक्षात १२७ घनमीटर लाकूड बाहेर पडलेले असते. लिलावात दर चढला म्हणून जंगलाच्या हिशेबातली ही तूट भरून निघत नाही.

त्यात घेराच्या टप्प्यांची भर पडते. घेराचा वर्ग होत असल्याने टेपवरची लहान चूक घनफळात फुगते. घेर दहा-दहा सेंटिमीटरच्या टप्प्याने खाली धरला, तर ९४ चा ओंडका ९० चा ठरून सव्वाआठ टक्के घटतो आणि ६४ चा ६० ठरून बारा टक्के. म्हणजे लाकूड जितके बारीक, तितकी घट मोठी. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने पूर्व विदर्भात सागाची मोठी रोपवने उभी केली. रोपवनाच्या विरळणीत निघतो तो बारीक मालच, म्हणून टप्पा सेंटिमीटरचा की दहाचा, हा प्रश्न आपल्याकडे कारकुनी राहत नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील सरकारी जंगलांतही ओंडके मोजण्याच्या १८४६ च्या स्क्रिबनर कोष्टकाने असाच घोळ घातला. जुन्या अजस्र वृक्षांसाठी ते बरे होते, पण बारीक लाकूड ते फार कमी दाखवते. अशा मालासाठी तिथे वजनकाट्याचाही वापर होऊ लागला. आपल्याकडे काट्याची घाई करू नये, कारण ओले आणि उन्हात पडलेले लाकूड सारखे भरत नाही. मध्य भारतातल्या वनखात्यांत तर बांबूचा टनही काट्यावर चढत नाही. २४०० मीटर लांबी म्हणजे एक टन, असे धरून चालतात. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा बांबू स्वतः विकू लागल्यावर हा मानीव टन त्यांच्याही पदरी पडतो. बांबू कोवळा की पक्का, जाड की काठीएवढा, याचा त्यात पत्ता नसतो.

मग करायचे काय, तर प्रत्येक नगाचा क्रमांक, मध्यघेर, लांबी, सालीसह की सालीविना, पोकळी आणि गाठींसाठी दिलेली सूट हे सगळे लॉटच्या यादीत उघड असावे, आणि घनफळाचे सूत्र यादीच्या माथ्यावर छापलेले असावे. वर्तुळाचे सूत्र सक्तीचे करावे; व्यापाऱ्याला हॉपसने हिशेब करायचा तर त्याने तो आपल्या वहीत करावा. वनरक्षकांची संख्या कमी आणि त्यांच्यावर कामे ढीगभर, ही तक्रार रास्त आहे. पण घेर आणि लांबी आजही घेतलीच जाते. गुणाकार मोबाइल करू शकतो. राहिला निसर्गप्रेमींचा आक्षेप, की मोजणी चोख झाली म्हणजे तोडीला उत्तेजन मिळेल. पण जंगल उद्योगांना कच्चा माल पुरवण्यासाठी नाही, हे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने सांगितले. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंजूर कार्य आयोजनेशिवाय सरकारी जंगलात तोड करता येत नाही. कुठे आणि किती तोडायचे ते आयोजनेत ठरते. ती मर्यादा पाळली गेली का, हे देवरीतल्या एखाद्या ग्रामसभेला तपासायचे असेल, तर तिच्या हाती नगवार यादी हवी आणि कूपातल्या खुंटांवर फिरवायला टेप हवा.