भित्र्या हॅमस्टरला माणसाळवताना

दुकानातून घरी आणलेला हॅमस्टर पहिल्या संध्याकाळी भुशाखाली कोपऱ्यात दडून बसतो. मुलं हिरमुसतात. मग कुणीतरी ‘थांब, मी काढतो’ म्हणत वरून हात घालतं, हॅमस्टर कडकडून चावतो, हात झटकला जातो आणि ‘हा चावरा निघाला’ असा शिक्का त्याच्यावर कायमचा बसतो. खरं तर त्याने त्याच्या बाजूने अगदी शहाणपणाचं काम केलेलं असतं. त्याचं शहाणपण कुठून येतं हे कळलं, की पुढचं सगळं सोपं नसलं तरी सरळ होतं.

दुकानात ‘गोल्डन’ किंवा लांब केसांचा असेल तर ‘टेडी बेअर’ म्हणून मिळतो तो सिरियन हॅमस्टर. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांनी १९३० मध्ये सिरियात अलेप्पोजवळच्या एका शेतात बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्लं पकडली. विद्यापीठातले सॉल ॲडलर यांना काळ्या आजाराच्या गटातल्या रोगावर संशोधन करायचं होतं, त्यासाठी हा प्राणी हवा होता. पेटीत घातल्यावर भेदरलेल्या मादीने जवळ आलेलं पहिलंच पिल्लू मारून टाकलं. उरलेली पिल्लं अहारोनी आणि त्यांच्या पत्नीने हाताने वाढवली. आज जगभर घराघरांत असलेले बहुतेक सगळे सिरियन हॅमस्टर त्याच पिल्लांचे वंशज. कुत्रा माणसाजवळ हजारो वर्षं राहतोय. हॅमस्टरला अजून शंभर वर्षंही पुरी झालेली नाहीत. त्यामुळे माणसाविषयीचा भरवसा त्याच्या रक्तात उतरलेला नाही. प्रत्येक हॅमस्टरला तो नव्याने शिकावा लागतो, आणि शिकवणारे आपणच.

त्याला जग कसं दिसतं तेही पाहा. नजर अधू, अंतराचा अंदाज जवळपास नाही, म्हणून टेबलाच्या कडेवरून तो बेधडक पुढे पाऊल टाकतो. नाक मात्र अतिशय तीक्ष्ण, आणि कान इतके की आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वरही त्याला ऐकू येतात. रानात त्याच्यावर झडप घालणारे घुबडासारखे पक्षी वरून येतात. म्हणून वरून उतरणारा हात कितीही प्रेमाचा असला तरी त्याला तो हल्लाच वाटणार.

पहिल्या आठवड्यात हात आत घालायचाच नाही. अन्न-पाणी बदलायचं, ओला झालेला कोपरा साफ करायचा, बस्स. पिंजरा मिक्सर, टीव्ही आणि उन्हाच्या झोतापासून दूर ठेवावा. दिवाळीच्या तोंडावर हॅमस्टर आणू नये. फटाक्यांच्या आवाजात ओळख वाढवायची म्हणजे दोघांचेही हाल. उन्हाळ्यात खोली तिशीच्या वर जाऊ लागली की या छोट्या जिवाला उष्माघाताचा धोका असतो, तेव्हा पिंजऱ्यात एक थंड फरशी आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली असू द्यावी. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात एवढ्यानेही भागत नाही, गार खोलीच लागते.

घर नीट नसेल तर माणसाळवण्याच्या युक्त्या वाया जातात. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात सिरियन हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर खोल भुसा दिला होता. १० सेंटिमीटरवाले पिंजऱ्याची तार कुरतडण्यात सर्वांत जास्त वेळ घालवत होते. आपल्याकडच्या दुकानात मिळणाऱ्या रंगीत छोट्या पिंजऱ्यात जेमतेम बोटभर भुसा मावतो. त्यापेक्षा मोठा प्लॅस्टिकचा डबा किंवा जुनी काचेची टाकी घ्या, वर जाळी लावा आणि निदान वीतभर भुसा भरा. दडायला जागा असलेला हॅमस्टरच बाहेर यायचं धाडस करतो. भुसा देवदार किंवा वासाच्या लाकडाचा नको, कागदाचे बारीक कपटे चांगले. चाक भरीव पट्टीचं हवं, सिरियनसाठी सुमारे २८ सेंटिमीटर व्यासाचं; लहान चाकात पाठ वाकते. आणि एका घरात एकच सिरियन. जोडीने घेतल्यावर ‘एकमेकांना सोबत’ होते हा आपला समज. वयात आलेले दोन सिरियन रक्त निघेपर्यंत भांडतात.

साफसफाईबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण सगळं नीट करणारी माणसंही इथे घसरतात. आपलं घर आपलंच आहे हे हॅमस्टर वासावरून ओळखतो. कुशीवरच्या ग्रंथींतून तो तो वास जागोजागी लावत फिरतो. आपण दर रविवारी सगळा भुसा फेकून पिंजरा साबणाने घासला, की त्याच्या दृष्टीने त्याला दर रविवारी परक्या घरात नेऊन सोडलं जातं. साफ करताना घरट्यातला मूठ-दोन मूठ जुना कोरडा भुसा परत टाकावा. त्याला पाण्याने आंघोळ घालणं तर साफ चूक. अंगाचं तेल जातं, थंडी बसते, आणि जमवलेली ओळखही जाते. उथळ वाटीत कोरडी बारीक वाळू ठेवली की तो आपला आपण लोळून स्वच्छ होतो.

आता ओळख. वेळ त्याची पाळायची, आपली नाही. दुपारी चारला शाळेतून आलेल्या मुलांसाठी त्याला उठवलं तर चावा ठरलेला. तो संध्याकाळ उतरल्यावर किंवा रात्री जेवणं झाल्यावर उठतो. आळस देतो, पंजांनी तोंड धुतो, मग बाहेर येतो. तेव्हा पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोलावं. काय बोलता याला महत्त्व नाही. पेपर वाचून दाखवला तरी चालतो. बिनवासाचा टिश्यू पेपर दिवसभर खिशात ठेवून रात्री त्याच्या घराशी टाकावा. बऱ्याचदा तो फाडून घरट्यात ओढून नेतो, आणि मग आपला वास रात्रभर त्याच्या अंथरुणात असतो.

मग हात. आधी साधा साबण लावून धुवावा. बोटांना भाजी-पोळीचा वास असेल तर तो बोटालाच खाऊ समजतो. तळहात उघडा, बाजूने आत सरकवायचा आणि भुशावर टेकून ठेवायचा. हवेत तरंगणारा हात त्याला घाबरवतो. तळव्यावर सूर्यफुलाची एखादी बी ठेवावी, किंवा राळ्याच्या कणसाचा तुकडा.

या क्षणी नीट बघावं. तो मागचे पाय बिळाच्या तोंडाशीच ठेवतो आणि पुढचं अंग रबरासारखं ताणून पुढे येतो. मिशा थरथरतात, कान पुढे. बी तोंडात आली की सटकन मागे पळतो. पुढच्या खेपेला पुढचे पंजे बोटांच्या टोकावर टेकतात. हे ताणणं म्हणजे धोक्याची चाचपणी: पळायची सोय ठेवून मोजलेलं अंतर. मागचे पाय भुशावरून सुटून चारही पाय तळव्यावर येईपर्यंत बोटं मिटायची नाहीत, हात उचलायचा नाही. तो तळव्यावर बसून तिथल्या तिथे बी सोलायला लागला, गाल भरायची घाई थांबली, की अर्धं काम झालं. कुणाला यासाठी आठवडा लागतो, कुणाला दोन महिने. घाई केली तर पुन्हा टिश्यू पेपरपासून सुरुवात.

उचलायचं कसं, यावर एक पुरावा आहे. लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की प्रयोगशाळेतल्या उंदरांना शेपटी धरून उचललं तर ते माणसाला टाळू लागतात, नळीतून किंवा ओंजळीत उचललं तर स्वतःहून जवळ येतात. अभ्यास उंदरांवरचा, पण हॅमस्टर पाळणारे कित्येक जण हीच गोष्ट मगने करतात. साधा मग आडवा ठेवावा, आत बी टाकावी. तो स्वतः शिरला की मग सावकाश उभा करून बाहेर न्यावा आणि तळहातावर उतरू द्यावं. चोवीस तास बंद असलेल्या दाराचा कैदी आणि आत-बाहेर जाता येणारा पाहुणा यांत जो फरक, तोच इथे. हातावर यायचं की नाही हे त्याने ठरवलं पाहिजे. मानेची कातडी धरणं डॉक्टरांवर सोडा. जाड हातमोजेही नकोत. त्याने आपली बोटं बोथट होतात आणि त्याला भलतंच मोठं काहीतरी चालून आल्यासारखं वाटतं.

बाहेर खेळवायची सर्वांत चांगली जागा म्हणजे कोरडं न्हाणीघर. मोरीची जाळी झाकावी, बादल्या बाहेर काढाव्यात, दार बंद करून स्वतः जमिनीवर बसावं. दहा-पंधरा मिनिटं त्याला फिरू द्यावं. तो आधी भिंतीकडेने पळतो, मग आपल्या पायाचा वास घेतो, मग मांडीवर चढतो. धरायचं नाही. लहान मुलांनी त्याला नेहमी बसूनच हाताळावं. उभ्या मुलाच्या हातून पडला तर पाय मोडतो, कधी जीवही जातो. बाजारात मिळणारा प्लॅस्टिकचा चेंडू मात्र कटाक्षाने टाळावा. आत हवा कमी, वाट दिसत नाही, आणि नकोसं झालं तरी बाहेर पडता येत नाही.

चावलाच, तर हात झटकू नये. तो फेकला जातो. हात खाली टेकवून त्याला सुटू द्यावं, मग जखम साबण लावून वाहत्या पाण्याने धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारावं. चावण्याआधी त्याने बहुधा इशारा दिलेला असतो: कान मागे पडतात, अंग एकदम गोठतं, दात वाजतात, किंवा तो उताणा पडून किंचाळतो. असं दिसलं की एक पायरी मागे यायचं. ओरडणं, तोंडावर फुंकर मारणं यातून तो फक्त एवढंच शिकतो, की माणूस खरोखरच भीतीदायक आहे. दुकानातून आणलेली मादी लगेच व्यायली तर निदान दोन आठवडे घरट्याला हात लावू नका.

सगळेच हॅमस्टर मांडीवर रमत नाहीत. वीस-पंचवीस ग्रॅमचा रोबोरोव्स्की जातीचा हॅमस्टर इतका चपळ असतो, की तो बघण्यातच मजा आहे. दीडशे ग्रॅमपर्यंत भरणारा संथ सिरियन सहसा लवकर जमवून घेतो. जो हातावर येत नाही, पण आपल्यासमोर निवांत तोंड धुतो, त्याचाही आपल्यावर भरवसा बसलेला असतो. तेवढ्यावर समाधान मानावं.

आणि माणसाळलेला हॅमस्टर एकाएकी चावू लागला, खाईना, सुस्त झाला किंवा शेपटीकडे ओलं दिसलं, तर लाड किंवा शिस्त यांचा विचार करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. दात वाढलेले असू शकतात, गालाच्या पिशवीत काही अडकलेलं असू शकतं, जुलाबाचा आजार असेल तर दिवस-दोन दिवसांत जीव जातो. प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यात हॅमस्टर तपासत नाहीत. तुमच्या गावात कोण तपासतं, ते पिंजरा विकत घेण्याआधीच विचारून ठेवा.