कलकत्त्याहून आलेले यंत्र

रॉक संगीतातील एखाद्या अभिजात गीताच्या जन्माची हकीकत लिहावी, असे आमच्या वाशीमच्या संपादकांनी सुचविले, तेव्हा त्यासाठी विलायतेची दप्तरेच धुंडाळावी लागतील असे कोणासही वाटले असते; परंतु बीटल्स या जगद्विख्यात इंग्रज वाद्यवृंदाच्या ‘द इनर लाइट’ या गीताचे संगीत प्रथम ध्वनिफितीवर उमटले ते मुंबईत, फोर्ट भागातील फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात, १२ जानेवारी १९६८ रोजी.

गीताचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. केंब्रिज येथे संस्कृत शिकविणारे आणि भगवद्गीता व उपनिषदे इंग्रजीत आणणारे हुआन मास्कारो यांनी नोव्हेंबर १९६७ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांना पत्र लिहून, आपल्या ‘लॅम्प्स ऑफ फायर’ या संकलनातील एका वेच्याला चाल लावण्याची सूचना केली. ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातील तो सत्तेचाळिसावा अध्याय होता. घराबाहेर न पडताही विश्वाचे ज्ञान होऊ शकते, हा त्याचा आशय ज्ञानोबा-तुकोबांच्या वाचकाला परका वाटणार नाही. हॅरिसन त्याच सुमारास ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी मुंबईत आले. पंडित रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांनी वादकांची जमवाजमव करून दिली, आणि चित्रपटाचे काम चालू असतानाच या गीताचेही संगीत मुद्रित झाले.

या सर्व हकीकतीत माझे मन गुंतले ते एका यंत्रात. मुंबईच्या त्या ध्वनिमुद्रणगृहात तेव्हा मोनो पद्धतीचेच यंत्र होते, म्हणजे साऱ्या वाद्यांचा नाद एकाच पट्ट्यावर उतरत असे. सबब ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे एक अवजड स्टिरिओ यंत्र आगगाडीने मुंबईस आणविले. पुढे हेच मेनन ई.एम.आय. या जागतिक संगीतसंस्थेच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचले; परंतु एका पाहुण्या संगीतकाराची निकड ओळखून आपले यंत्र देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेण्याची त्यांची ही तत्परता मला त्या पदाहून अधिक मोलाची वाटते.

दोन ट्रॅक असले तरी वादक मात्र अनेक होते, आणि अडचणीचे मूळ तेथेच होते. सरोदवर मैहर घराण्याचे आशिष खाँ, पखवाजावर महापुरुष मिश्र, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, हार्मोनियमवर रिजराम देसाद, अशा मातब्बरांचे वादन त्या दोन पट्ट्यांवर एकदा उतरले की मागाहून पखवाज किंचित दाबावा किंवा बासरी किंचित उचलावी, अशी सोय उरत नसे. जे प्रमाण साधावयाचे ते वाजवितानाच साधावे लागे. गीत आज कान देऊन ऐकले असता ते साधले आहे याची खात्री पटते: आरंभी पखवाजाच्या जलद ठेक्यावर सरोद आणि सुषिर वाद्य यांची सवाल-जबाबासारखी लगबग होते, आणि गाणे सुरू होताच सारा कोलाहल ओसरून बासरी व हार्मोनियम स्वराला हळुवार आधार देऊ लागतात. खमाज थाटाच्या वळणाची ही चाल अडीच मिनिटांहून थोडी अधिक चालते, आणि तीत गिटारचा एकही झणत्कार नाही.

अडचणी एवढ्यावर संपत नव्हत्या. बाहेरचा आवाज अडविण्याची व्यवस्था तेथे इतकी तोकडी होती की, हॅरिसन यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, सायंकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या म्हणजे जिन्यावरून उतरणाऱ्या कारकून मंडळींच्या पावलांचा आवाज आत येई आणि मुद्रण थांबवावे लागे. ती फीत लंडनला गेली, चार ट्रॅकच्या फितीवर तिची नक्कल झाली, आणि ६ फेब्रुवारीला हॅरिसन गायले. चालीला आपला आवाज न्याय देईल की नाही या शंकेने ते कचरत होते, तेव्हा सहकारी पॉल मॅकार्टनी यांनी धीर दिला. दोन दिवसांनी मॅकार्टनी आणि जॉन लेनन यांनी शेवटच्या ओळींना साथ दिली. १५ मार्च १९६८ रोजी ‘लेडी मॅडोना’ या गीताच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर ते प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या सिंगल तबकडीवर हॅरिसन यांची रचना येण्याचा तो पहिला प्रसंग होय.

परंतु ध्वनिमुद्रणाच्या या साऱ्या अडचणींहून मोठी उणीव वेगळीच आहे. त्या तबकडीवर वाद्यवृंदाचे नाव छापले गेले, मुंबईच्या वादकांपैकी एकाचेही नाही. त्याच दिवसांत मुद्रित झालेल्या ‘वंडरवॉल म्युझिक’च्या वेष्टनावर मात्र हॅरिसन यांनी भारतीय वादकांची नावे छापविली, आणि त्यामुळेच शरद व हनुमान जादेव यांच्यासारख्या शहनाईवादकांचा निदान नामोल्लेख आज सापडतो. नाव कागदावर चढले तर माणूस उरतो, एरवी नाद उरतो आणि वाजविणारा विस्मृतीत जातो.

हाच धोका आपल्याकडेही आहे. वाशीम जिल्ह्यात काकड्याला आणि हरिपाठाला पखवाज आजही वाजतो, पोहरादेवीच्या परिसरातील बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गीते रंगतात, आणि कलकत्त्याहून यंत्र आणविण्याची आता गरज नाही, कारण ते प्रत्येकाच्या खिशात आहे. मुद्रण पुष्कळ होते, नोंद मात्र होत नाही. माझी जिल्ह्यातील तरुणांना विनंती एवढीच आहे की, भजनाचे वा लेंगीचे मुद्रण कराल त्या वेळी गाव, तारीख, गाणाऱ्याचे आणि पखवाज किंवा डफ वाजविणाऱ्याचे संपूर्ण नाव त्यांच्याच तोंडून विचारून घ्या, आणि ते मुद्रणासोबत लिहून ठेवा.