मेडिक्लेम कंपनीचा, काळजी आपली!

आमच्या ऑफिसात आम्ही एकवीस जण. जॉइन झालं की आयकार्डासोबत तीन लाखांचा मेडिक्लेम मिळतो आणि सगळे निर्धास्त! पण गंमत अशी, की ती पॉलिसी आपली नसतेच. पॉलिसीधारक कंपनी, आपण नुसते सभासद. करार वर्षाचा. छोट्या ऑफिसात एका वर्षात एक बायपास आणि दोन बाळंतपणं झाली, की रिन्यूअलला प्रीमियम उडी मारतो. मग बॉस काय करतो? आईबाबांची नावं गाळतो, कव्हर कापतो, नाहीतर रिन्यूच करत नाही. बिचाऱ्याचंही बजेट असतं म्हणा.

स्वतःच्या पॉलिसीत मात्र आधी क्लेम केला म्हणून रिन्यूअल नाकारता येत नाही. फसवणूक केली असेल तर गोष्ट वेगळी. आणि ती नको झाली, तर सात दिवसांची लेखी नोटीस द्यायची. वर्षाची पॉलिसी असेल, क्लेम केला नसेल, तर उरलेल्या दिवसांचा प्रीमियम परत.

मधला रस्ता म्हणजे 'मायग्रेशन'. ग्रुप कव्हर चालू असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसी मागायची. जुन्या आजारांसाठीचा वेटिंग पीरियड २०२४पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं त्यातून वजा होतात, अर्थात जुन्या कव्हरच्या रकमेपुरतीच. तब्येतीची चौकशी मात्र होते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या शुगरवाल्या मित्राने राजीनामा टाइप करण्याआधी हाच अर्ज भरला.

तुमच्या ग्रुप पॉलिसीची मुदत कधी संपते, हे एचआरला आज लंचआधीच विचारून टाका.