डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी

डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी (संक्षेप: डीपीटी) ही भौतिकोपचार अर्थात फिजिओथेरपी या शाखेतील, रुग्णोपचारावर आधारलेली डॉक्टरेट दर्जाची पदवी आहे. अमेरिकेत नव्याने भौतिकोपचारतज्ज्ञ होऊ इच्छिणाऱ्यास ही पदवी घ्यावी लागते. भारतात मात्र बारावीनंतरच्या पदवी अभ्यासक्रमानेच या व्यवसायात प्रवेश मिळतो.

स्वरूप

डीपीटी हा पदवीनंतरचा साधारणतः तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, मज्जासंस्थेचे विकार, हालचालींचे यांत्रिक विश्लेषण आणि व्यायामोपचार हे विषय असतात. किमान तीस आठवडे रुग्णोपचाराचे पूर्णवेळ प्रशिक्षण घ्यावे लागते. पीएच.डी. संशोधनासाठी असते, तर डीपीटी रुग्णसेवेसाठी. त्यामुळे डीपीटीसाठी पीएच.डी.सारख्या प्रबंधाची अट नसते.

इतिहास

अमेरिकेतील क्रायटन विद्यापीठातून १९९६ साली व्यवसायप्रवेशाच्या डीपीटी अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बाहेर पडली. पुढे इतर विद्यापीठांनीही पदव्युत्तर पदवीऐवजी डीपीटी स्वीकारली आणि २०१६ पासून मान्यताप्राप्त संस्थांना ती बंधनकारक झाली.

महाराष्ट्रातील शिक्षण

भारतात या शिक्षणाचा पाया मुंबईत घातला गेला. पोलिओच्या साथीनंतर अपंगत्व आलेल्या मुलांच्या पुनर्वसनाची निकड निर्माण झाली. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना १९५५ साली स्थापन झाली.

१९९८ साली स्थापन झालेल्या, नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीटीएच अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यात सहा महिन्यांची आंतरवासिता समाविष्ट आहे. प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो. राष्ट्रीय आयोगाने २०२५ साली जाहीर केलेल्या नव्या अभ्यासक्रमात आंतरवासितेसह पाच वर्षांचा कालावधी ठरवला आहे.

आजरा आणि परिसर

हिरण्यकेशी नदीकाठचे आजरा हे कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून हा भाग घनसाळ या सुवासिक भातासाठी प्रसिद्ध आहे. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्या येथील विद्यार्थ्यांना कोल्हापूर आणि कराड येथे भौतिकोपचार महाविद्यालये उपलब्ध आहेत.

अशा शेतीप्रधान भागात या व्यवसायाचे महत्त्व वेगळे आहे. भातलावणीत तासन्‌तास कमरेत वाकून काम करावे लागते. त्याचा ताण पाठीवर व गुडघ्यांवर येतो. पक्षाघात किंवा अस्थिभंगानंतरचे उपचार एका भेटीत पूर्ण होत नाहीत. अनेक आठवडे नियमित व्यायाम घ्यावा लागतो. त्यासाठी दूरच्या शहरात वारंवार जाणे रुग्णाला व नातेवाइकांना परवडत नाही आणि उपचार अर्धवट राहतात. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित तज्ज्ञ असणे रुग्णाच्या बरे होण्याच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

भारतीय पदवीधर आणि डीपीटी

भारतीय पदवीच्या आधारे अमेरिकेत थेट व्यवसाय करता येत नाही. आधी शिक्षणाची समकक्षता तपासली जाते, त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन संबंधित राज्याचा परवाना घ्यावा लागतो. आधीच पात्र असलेल्या तज्ज्ञांसाठी 'संक्रमणकालीन डीपीटी' हा तुलनेने कमी कालावधीचा अभ्यासक्रमही तेथे आहे. उलटपक्षी, महाराष्ट्रात व्यवसाय करण्यासाठी डीपीटी आवश्यक नाही. मान्यताप्राप्त पदवी आणि २००२ च्या राज्य अधिनियमानुसार स्थापन झालेल्या परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते.

'डॉक्टर' उपाधीचा वाद

भौतिकोपचारतज्ज्ञांनी नावाआधी 'डॉ.' लावावे की नाही, यावर भारतात मतभेद आहेत. २०२५ च्या अभ्यासक्रमात नावापुढे 'पीटी' ही अक्षरे जोडण्याच्या अटीवर ही उपाधी सुचवली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्यास हरकत घेणारे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. रुग्णाची दिशाभूल होऊ नये, हा विरोधकांचा मुद्दा आहे. स्वतंत्र व्यवसाय म्हणून ओळख मिळावी, ही समर्थकांची भूमिका आहे.