दोन गाड्यांमधली फट

तुंबलेल्या रहदारीत दोन रांगांच्या मधून दुचाकी पुढे नेणे, या क्रियेला मराठीत प्रतिष्ठित नाव नाही. 'मधून काढणे', 'घुसवणे', 'कट मारणे' अशी बोलीतली नावे आहेत आणि त्यांतली निम्मी शिवी हासडल्यासारखी उच्चारली जातात. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द रूढ झाले आहेत. थांबलेल्या किंवा मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या वाहनांमधून हळू पुढे जाणे म्हणजे 'लेन फिल्टरिंग' आणि वाहत्या वाहनांच्या मधून जाणे म्हणजे 'लेन स्प्लिटिंग'. हा भेद शब्दांपुरता नाही. पहिल्यात चूक झाली तर बहुधा आरसा मोडतो, दुसऱ्यात माणूस मोडतो.

मी पुण्यात गेली बत्तीस वर्षे दुचाकी चालवतो आणि गेली काही वर्षे या एका विषयावरचे अभ्यास जमेल तसे वाचतो आहे. निमित्त घरातलेच. भाचीने परवाना काढला आणि आठवड्याभरात विचारले, "मामा, सिग्नलला मधून पुढे जायचं की गाड्यांच्या मागे थांबायचं?" परवान्याच्या चाचणीत तिने आठचा आकडा व्यवस्थित काढून दाखवला होता. पण रोज वीस वेळा जो निर्णय घ्यावा लागणार, त्याबद्दल तिला कोणीच काही सांगितले नव्हते. आपल्याकडे प्रत्येक दुचाकीस्वार हे करतो आणि ते शिकवण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

आधी थोडे मोजमाप करू. रस्त्याची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटरची धरतात. मोटारीची रुंदी पावणेदोन मीटर. दोन मोटारी आपापल्या मार्गिकेच्या मधोमध उभ्या असतील, तर त्यांच्यामध्ये पावणेदोन मीटरची फट राहते. दोन्हीकडचे आरसे त्यातले वीस-वीस सेंटीमीटर खातात. मोटारसायकलचे हँडल पाऊण मीटरहून थोडे जास्त रुंद असते, म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभर किंवा किंचित अधिक जागा उरली. आता मोटारींच्या जागी दोन बस ठेवा. बस सुमारे दोन मीटर साठ सेंटीमीटर रुंद असते, फट उरते नव्वद सेंटीमीटरची आणि हँडलच्या दोन्ही टोकांना जेमतेम तीन बोटे. हा हिशेब आदर्श रस्त्याचा आहे. आपण दोन मार्गिकांत वाहनांच्या तीन रांगा सहज बसवतो.

फटीच्या रुंदीपेक्षाही निर्णायक असतो तो आपला आणि शेजारच्या वाहनांचा वेगातला फरक. अचानक काही घडले की ते लक्षात येऊन हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी २० किलोमीटरने जाणारी गाडी त्या सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर आणखी अडीच-तीन मीटरांत थांबते. म्हणजे आठ मीटर, दोन मोटारींची लांबी. ताशी ४० असेल तर हेच अंतर वीस-एकवीस मीटर होते. वेग दुप्पट, अंतर अडीचपट. उभ्या मोटारीचे दार मात्र एका क्षणात उघडते.

या विषयावरचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास कॅलिफोर्नियाचा आहे. बर्कली येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२-१३ मधील मोटारसायकलस्वारांच्या अपघातांची पोलिसी कागदपत्रे तपासली. एकूण ५,९६९ स्वारांपैकी ९९७ जण अपघाताच्या वेळी रांगांच्या मधून जात होते. त्यांच्यात डोक्याला इजा झालेले ९ टक्के, बाकीच्यांत १७ टक्के. मृत्यूचे प्रमाण १.२ टक्के, बाकीच्यांत ३ टक्के. मागून धडक बसण्याचे प्रमाणही कमी होते, आणि ते समजण्यासारखे आहे: रांगेच्या शेवटी थांबलेला दुचाकीस्वार दोन बंपरांच्या मध्ये सापडू शकतो, फटीत शिरलेला नाही. संशोधकांचा निष्कर्ष असा की रहदारी ताशी ८० किलोमीटरच्या आत असेल आणि स्वार तिच्यापेक्षा ताशी २४ किलोमीटरहून अधिक वेगाने जात नसेल, तर ही पद्धत तुलनेने सुरक्षित ठरते.

हे आकडे 'बघा, मधून जाणेच सुरक्षित' असे फडकावले जातात. ते मला पटत नाही. अपघात झालेल्यांपैकी किती जखमी झाले, एवढेच हा अभ्यास सांगतो. अपघात होण्याची शक्यता किती, हे सांगत नाही. शिवाय मधून जाणारे ते स्वार बहुतांशी कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळी, चांगले हेल्मेट घालून जाणारे होते आणि त्यांच्यात मद्य घेतलेले कमी होते. कॅलिफोर्नियातली कायद्याची कहाणीही गमतीची आहे. तिथे ही पद्धत बेकायदा नव्हती, पण कायद्यात तिचा उल्लेखही नव्हता. महामार्ग पोलिसांनी २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. योग्य प्रक्रियेविना नियम केल्याची तक्रार आली आणि २०१४ मध्ये सूचना मागे घेतल्या गेल्या. अखेर विधिमंडळाने २०१६ मध्ये कायदाच केला, तो १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने जुलै २०१४ पासून सावध परवानगी दिली. वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत, शाळांच्या परिसरात नाही, कडेच्या दगडाला किंवा उभ्या केलेल्या वाहनांना लागून नाही, आणि नवशिक्यांना तर नाहीच. हा शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

फ्रान्सचा अनुभव उलटा आहे आणि म्हणून जास्त उपयोगी. तिथे पॅरिससह काही भागांत २०१६ ते २०२१ हा प्रयोग केला गेला. दुभाजकाकडच्या दोन मार्गिकांमधून, ताशी ५० किलोमीटरच्या आत, अशी अट होती. मूल्यमापनात त्या रस्त्यांवर मोटारसायकलींचे अपघात सुमारे १२ टक्के वाढल्याचे दिसले. सरकारने विषय गुंडाळला नाही. नियम घट्ट करून २०२१ च्या ऑगस्टमध्ये दुसरा प्रयोग सुरू केला आणि जानेवारी २०२५ पासून ही पद्धत कायद्यात आणली. तिथे कोणती फट दुचाकीची, हे ठरलेले आहे, त्यामुळे मोटारचालकाला आरशात कुठे पाहायचे ते ठाऊक असते. आपल्याकडे फट वाकडीतिकडी असते, दर दहा मीटरला जागा बदलते आणि तिच्यातून कोण येईल याचा अंदाज कोणालाच नसतो.

अंदाज नसणे ही किरकोळ बाब नाही. हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरात ९०० मोटारसायकल-अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. अहवाल १९८१ चा. दुसरे वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत चूक त्या दुसऱ्या चालकाची होती, आणि 'मला दुचाकी दिसलीच नाही' हे वाक्य वारंवार आले. ते नेहमीच खोटे नसते. डोळा ज्याची अपेक्षा करतो ते आधी पाहतो. त्यात लहान आकाराची वस्तू आहे त्यापेक्षा लांब आणि सावकाश येते आहे असे भासते.

भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. त्यांतले किती जण दोन रांगांच्या मध्ये होते, यासाठी वार्षिक अहवालात वेगळा रकाना नाही. तो असता, तर मला भाचीला अधिक ठामपणे उत्तर देता आले असते. जे दिले ते असे.

सगळे थांबलेले असताना, धावत्या माणसापेक्षा फार वेगात नाही, इतक्याच गतीने जा. रहदारी सुटू लागली की फट सोडून एखाद्या मार्गिकेत सामील हो. एक रांग थांबलेली आणि शेजारची वाहती असेल तर मधे शिरूच नकोस. थांबलेल्या रांगेतला कंटाळलेला चालक नेमका तेव्हाच बाहेर पडतो. मोटारीच्या इंडिकेटरवर विसंबू नकोस, पुढचे चाक बघ; गाडीचे अंग वळण्याआधी चाक वळते. एखाद्या गाडीपुढे मोकळी जागा पडली असेल तर तिथे कोणीतरी घुसणार किंवा तिथून कोणीतरी रस्ता ओलांडणार, हे धरून चाल. पुढच्या दुचाकीच्या शेपटाला चिकटून जाऊ नकोस: तिला वाट देऊन मोटार परत जागेवर येते तेव्हा मधे तू असशील. दोन मोठ्या वाहनांमध्ये कधीच नाही. वळणाऱ्या बसच्या डाव्या अंगाला तर मुळीच नाही, कारण तिचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आतून कापत जाते आणि त्या बाजूचे चालकाला जवळजवळ काहीच दिसत नाही. (बसच्या खिडकीतून येणाऱ्या पिचकारीचा मुद्दा मी तिला वेगळा सांगितला.) नजर हँडलवर नको, लांब ठेव, दोन बोटे ब्रेकवर. पावसाळ्यात रंगवलेल्या पट्ट्यांवर ब्रेक दाबू नकोस. आणि खरेदीच्या दिवसांत हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवल्या असतील तर मुकाट्याने मागे थांब. वीतभर जागेचा वर केलेला हिशेब पिशव्यांना लागू नाही.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी बरेच जण चारचाकीवाले असतील, म्हणून त्यांच्यासाठी एक साधी सवय सांगतो. नेदरलँड्समध्ये ती सायकलस्वारांसाठी रूढ आहे. दार त्याच्या जवळच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडायचे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्याने डाव्या हाताने. खांदा आपोआप वळतो आणि मान मागे जाते. मागून येणारी दुचाकी आरशात सुटली असेल तरी दिसते. मागच्या सीटवर डाव्या दाराशी बसलेल्याने हेच उजव्या हाताने करायचे. सिग्नलला गाडी थांबली की घाईने उतरणारा पाहुणा बहुधा तिथेच बसलेला असतो आणि चालकाचे लक्ष तेव्हा दिव्याकडे असते.